हिरवं झालं म्हणजे माळ गेला

वर्षानुवर्षं एका खोलीत काम केलं की टेबलाखाली वायरी साचतात, तसे किस्सेही साचतात. अबूधाबीतल्या आमच्या ऑफिसचं काम म्हणजे उपग्रहाचे फोटो बघायचे आणि माळरानं नांगरून कुठे कुठे शेती झाली ते शोधायचं. भारताच्या टीममध्ये मी पुण्याची आणि बिरू माणदेशातला. बिरूचे आबा गावी अजून मेंढरं राखतात. माळ राहिला तर कळप राहणार, नाहीतर विकावा लागणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

* * *

उन्हाळी फोटोत वाळलेलं गवत तपकिरी दिसतं आणि बागायत हिरवीगार. आमचा जॉर्डनचा मॅनेजर करीम तेव्हा नवा होता. वाळवंटातला माणूस, हिरवे चौकोन बघून एकदम खूश!

"माशाल्ला हबीबी! बिफोर नथिंग, नाऊ सो ग्रीन!"

बिरू हळूच म्हणाला, "सर, बिफोर आल्सो समथिंग वॉज देअर."

करीमने खुर्ची ओढली आणि तासभर त्याच्याकडून माळ समजून घेतला.

* * *

नकाशावर रंगांची नावं मराठीतही द्यायची होती. तपकिरी रंगापुढे मी बिनधास्त लिहिलं, 'पडीक जमीन'. लहानपणापासून तेच तर ऐकलेलं!

"ताई, पडीक तुम्हाला," बिरू म्हणाला. "आमच्या मेंढरांची तिथं पंगत बसते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ते खोडून 'माळ' लिहिलं.

* * *

एकदा करीमने जमीन ओळखणारा आमचा प्रोग्रॅम इथल्याच एका फोटोवर चालवून बघितला. उत्तर आलं, 'गवताळ प्रदेश, सुरक्षित'. बघतो तर गोल्फ कोर्स!

"यल्ला, सोडायची का मेंढरं?" बिरू म्हणाला. हसलो सगळे.

* * *

माझी मुलगी सुट्टीत ऑफिसात आली होती. माळाचा फोटो बघून म्हणाली, "सो एम्प्टी! हू लिव्ज हिअर?"

बिरूने बोटांवर मोजलं. "लांडगा, खोकड, चंडोल, मेंढरं आणि माझे आबा."

"इन दॅट ऑर्डर?"

"हो गं. आबा शेवटीच असतात. मेंढरांच्या मागं चालतात ना!"

* * *

आणि मग एक दिवस बिरूच्याच गावाचा फोटो आला. "मी करते," म्हटलं, पण ऐकेना. एकेका हिरव्या तुकड्याभोवती रेघ ओढत गेला आणि लिहीत गेला: शेती, शेती, शेती. तपकिरी म्हणावं असं काही उरलंच नाही.

त्याने तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. "आबा, मला हितं वरनं दिसतंय. आपला माळ खलास झाला. मेंढरं इकून टाका आता."

"ते ठावं हाय मला. पायाखालचं मला दिसतंय की," आबा म्हणाले. "तुला लांबचं दिसतंय न्हवं?"

"व्हय."

"मग तो फोटू जरा फुडं सरकव. गवत कुठं हाय तेवढं सांग. उद्या तिकडं निघतू."