आठशे बहात्तरला अडलेली भट्टी

माझ्या भट्टीला एक मेंदू आहे आणि तो साबणाच्या वडीपेक्षा फार मोठा नाही. काळी डबी, तिच्यावर वर लाल आकडे, खाली हिरवे आकडे आणि चार बटणं. लाल आकडा म्हणजे भट्टीत आत्ता किती तापमान आहे ते, हिरवा म्हणजे किती हवं आहे ते. दोघांची गाठ पडली की काम झालं. ऐकायला किती सोपं! मी गेली काही वर्षं या दोघांची गाठ घालून देते आहे आणि सांगते, एखाद्या हट्टी मुलाचं लग्न जुळवणं परवडलं.

नवी मुंबईतल्या शाळेत चित्रकला शिकवत होते. ती नोकरी वेळेआधीच सोडली आणि म्हसळ्याच्या अलीकडे, खाडीकाठी, सासरच्या गावी येऊन मातीकाम सुरू केलं. गुरं केव्हाच विकली होती, गोठा रिकामा होता, तिथे विजेची भट्टी बसवली. नवऱ्याची कंपनीतली नोकरी चालू होती, तो सुट्टीला यायचा. एरवी घरात आम्ही दोघीच, मी आणि माझ्या सासूबाई. आणि ती डबी.

डबीचं दुखणं काढणं हेच निम्मं काम. आमच्याकडे खाडीचा वारा सगळं खातो. भट्टीच्या आत एक लांब सेन्सर असतो, तो आतली उष्णता मोजतो आणि तारेतून डबीला कळवतो. त्या तारेच्या टोकांवर महिन्याभरात हिरवा बुरा चढतो. मग स्क्रू उघडा, टोकं पॉलिश पेपरने घासा, परत आवळा. आवळलेले स्क्रू तापून-निवून पुन्हा ढिले होतात. पावसाळ्यात पेटीत लाल मुंग्या घर करतात. एकदा पाल आत जाऊन चिकटली आणि मरताना वीज चालू-बंद करणारा माझा रिले सोबत घेऊन गेली. ऐन भट्टीत वीज गेली तर परत आल्यावर डबीला काहीच आठवत नाही, ती पहिल्या पायरीपासून सुरुवात करते, जसं काही घडलंच नाही. माहितीपुस्तिका आहे, पण तिची अक्षरं वाचायला भिंग लागतं आणि भिंगातून वाचूनही कळत नाही ते वेगळंच.

कंपनीचा मदतीचा नंबर आहे. पहिल्यांदा लावला तेव्हा तिकडच्या माणसाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, घर में कोई जेन्ट्स है क्या?" मी म्हटलं, "आहेत, पण त्यांना गॅसचा सिलिंडर बदलता येत नाही, तुम्ही माझ्याशीच बोला." तेव्हापासून तो माझ्याशी जरा जपून बोलतो.

सासूबाईंना भट्टी कधीच पटली नाही. त्यांचंही मातीशी नातं होतं, माझ्यापेक्षा कितीतरी जुनं. आसपासच्या वाड्यांमध्ये नवीन घर झालं की चूल घालायला त्यांनाच बोलावणं यायचं. गॅस घरोघरी आला आणि बोलावणी थांबली. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे, बोटांच्या पेरांना गाठी आल्या आहेत, सकाळी चहाची कपबशी धरायलाही दोन्ही हात लागतात. माझी भट्टी चालू असली की त्या गोठ्याच्या दाराशी येऊन उभ्या राहायच्या, आत बघायच्या आणि म्हणायच्या, "दिवसभर वीज जाळायची आनि काय, तर चार वाट्या!"

गेल्या पावसाळ्यात माझ्या नातीने, म्हणजे पुण्याला असलेल्या मुलीच्या मुलीने, व्हिडिओ कॉलवर पणजीकडे भातुकलीसाठी खरी चूल मागितली. आईने दुकानातला प्लास्टिकचा गॅस घेऊन दिला होता, तो तिला नको होता. दुसऱ्या दिवशी माझ्या मातीतला गोळा सासूबाईंनी न विचारता उचलून नेला. अख्खा श्रावण त्या ओटीवर बसून ती चूल करत होत्या. तळहातावर मावेल एवढी, पण सगळं जागच्या जागी: भांडं टेकायचे तीन उंचवटे, शेजारी दुसरं भांडं ठेवायला छोटा वैल, पुढे लाकडं सारायला तोंड. बोटं वळायची नाहीत, तर अंगठ्याच्या बाजूने दाबून दाबून त्यांनी ते उंचवटे बसवले. दुखलं की हात मांडीखाली घेऊन बसायच्या, पुन्हा सुरू करायच्या. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "तू तुझ्या वाट्या कर."

चूल वाळली तेव्हा मी म्हटलं, "आई, ही भट्टीत घालू या. कच्ची पुण्याला पोचणार नाही, बसमध्येच भुगा होईल."

"चुलीत जाळ घालतात गो. चुलीला कुनी जाळात घालतं का?"

आठवडाभर आमचा हाच वाद. शेवटी एका सकाळी त्यांनी चूल फडक्यात गुंडाळून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "घाल. पन नीट भाज. माझ्यानं आता दुसरी व्हायची न्हाय." त्या असं काही बोलणाऱ्यातल्या नाहीत. मला जरा धसकाच बसला.

मध्ये दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या झाडून सगळ्या यंत्रांची पूजा होते. मिक्सर, शिलाई मशीन, पंप, नवऱ्याची मोटरसायकल, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल आणि भाताची लोंबी. भट्टी आल्यापासून तीही रांगेत. सासूबाईंची एक अट असते, पूजेच्या वेळी डबीचे आकडे पेटलेले हवेत. "आंधळ्या यंत्राची पूजा करत न्हाईत," म्हणतात. मी बटण चालू करून दिलं आणि गॅसवरचं दूध उतू जाईल म्हणून स्वयंपाकघरात पळाले.

दसऱ्यानंतरची ती पहिलीच भट्टी. श्रीवर्धनकडच्या एका होमस्टेला दह्याच्या वाट्या हव्या होत्या, त्या रचल्या आणि मधल्या फळीवर, सगळ्यात सुरक्षित जागी, चूल ठेवली. माझी माती लाल, तिला नऊशे ऐंशी अंश पुरतात. डबीला तेवढं सांगून मी सकाळी भट्टी सुरू केली. लाल आकडा नेहमीसारखा तिशीतून निघाला, दुपारपर्यंत हळूहळू चढत राहिला आणि आठशे बहात्तरला येऊन थांबला.

थांबला म्हणजे थांबला. आठशे बहात्तर. आठशे एकाहत्तर. पुन्हा आठशे बहात्तर. मी समोर स्टूल टाकून बसले. आमच्याकडे दुपारी व्होल्टेज पडतं, पंखे रडत फिरतात, त्यामुळे मी वीजवाल्यांच्या नावाने बोटं मोडली आणि वाट बघत राहिले. तास गेला. चहा झाला. आकडा ढिम्म हलेना. भट्टीच्या बाजूला आत डोकवायला एक भोक आहे, त्यातली विटेची खुंटी ओढून पाहिलं तर आत पांढरट पिवळा उजेड. डोळे दिपले. जरा जास्तच वाटला. पण डबी आठशे बहात्तर म्हणत होती आणि मी तिच्यावर इतकी मेहनत घेतली होती की तिच्याऐवजी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचं मला सुचलंच नाही. मी अजून वेळ वाढवून दिला. संध्याकाळी जीव मेटाकुटीला आला तेव्हा मुख्य स्विच पाडला आणि पाय आपटत घरात गेले.

"झाली?" सासूबाईंनी विचारलं.

"थोडी कच्ची राहील बहुतेक," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टी निवल्यावर दार उघडलं. वाट्या नव्हत्याच. फळ्यांवर काळपट तपकिरी, चकाकणारी थारोळी होती, जणू कुणी काकवी सांडून ठेवली होती. वरच्या फळीवरची माती ओघळून खालच्या फळीवर आली होती. चुलीच्या जागी एक फुगलेला गोळा. मी छिन्नी घेऊन तो फळीपासून सोडवला. एका बाजूला अजून एक उंचवटा ओळखू येत होता, एकच. मी गोठ्यात एकटीच होते, तरी मोठ्याने ओरडले. मग तिथेच जमिनीवर बसून रडले. रागानेच रडले, दुसऱ्या कशाने नाही. इतकी वर्षं तारा घासा, स्क्रू आवळा, मुंग्या झाडा, आणि हे असं?

मदतीच्या नंबरवर तो नेहमीचाच माणूस होता. मी त्याला नमस्कारही न करता फैलावर घेतलं. त्याने सगळं बोलू दिलं आणि विचारलं, "मॅडम, सेन्सर का टाइप क्या दिखा रहा है?"

"के. पहिल्यापासून के."

"एक बार देख लीजिए ना."

सेटचं बटण थोडा वेळ दाबून धरलं की डबीची आतली पानं उघडतात. पहिलंच पान सेन्सरच्या जातीचं. तिथे इंग्रजी 'के' हे अक्षर नव्हतं, 'जे' होतं. त्याने समजावून सांगितलं ते एवढंच, की डबी माझ्या सेन्सरची भाषा दुसऱ्याच जातीच्या हिशेबाने वाचत होती. थंड असताना दोन्ही हिशेब जवळजवळ सारखे, म्हणून तिशीला काही कळलं नाही. वर गेल्यावर फरक शेकड्यांचा. डबी आठशे बहात्तर म्हणत होती तेव्हा आत बाराशेच्या वर आग होती, त्याच्या पुढे माझी भट्टी चढूच शकत नाही. वीजवाल्यांनी त्या दिवशी मला भरपूर वीज दिली होती, बिचाऱ्यांनी.

"किसी ने सेटिंग चेंज किया होगा," तो म्हणाला.

कोण करणार? मी फोन ठेवला, चष्मा लावला आणि डबी जवळून पाहिली. सेटच्या बटणाच्या कडेला, फटीत, कुंकू वाळून बसलं होतं. वर नेणाऱ्या बाणावर हळदीचा जाड थर. दोन्ही बटणं अगदी चेपून रंगवलेली.

तळपायाची आग मस्तकात गेली. दरवर्षी यांची पूजा, दरवर्षी ते कुंकू मला कापसाने पुसायचं, आणि आता हे! गोळा हातात घेऊन मी तरातरा ओटीवर गेले. वाटेत काय काय बोलायचं ते ठरवून टाकलं, आणि त्यातलं पहिलं वाक्य बोललेही.

"आई, कुणी सांगितलं होतं तुम्हाला बटणं दाबायला? जळून गेलं सगळं!"

त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, माझ्या हातातला गोळा पाहिला, आणि त्यांना कळायला वेळ लागला की हे काय आहे. मग दोन्ही हात पुढे करून त्यांनी तो घेतला.

"बटनांनी जळलं?"

"हो. कुंकू लावताना तुम्ही बटणं दाबलीत, त्याने आतलं सगळं बदललं. इतकी वर्षं लावता, कधी काही झालं नाही. यंदाच काय झालं?"

"दरवर्षी नुसतं टेकवते गो बोट," त्या म्हणाल्या. "यंदा दाबून लावलं. बोट थरथरतं ना, म्हटलं, पुसलं जाईल. माझी चूल जायची व्हती आत. म्हटलं, यंदा नीट लागू दे."

माझा राग गेला नव्हता. तो कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं.

त्यांनी गोळा उलटा केला, परत सुलटा केला. अंगठ्याच्या बाजूने चाचपत चाचपत त्यांना तो एक उरलेला उंचवटा सापडला. तिथे अंगठा थांबला.

"मंग मीच मोडली म्हन की," त्या म्हणाल्या.

"असं नाही हो आई," मी म्हटलं आणि गोळा घ्यायला हात पुढे केला. त्यांनी तो दिला नाही.