हार्डलीची शेपटी

म्हातारा पुस्तकं बांधायचा. बायको गेल्यावर तो दुकानामागच्या खोलीतच राहायला आला. दिवसभर सुई, दोरा, खळ नि पुठ्ठे. बोलायचं म्हटलं तर भिंती होत्या, पण त्या कधी हुंकार देत नसत.

नात दूरदेशी वाढलेली, तिला मराठी वाचता येत नव्हतं. म्हणून बांधायला आलेले शब्दकोश चाळत हा साठीनंतर इंग्रजी शिकला, आपला आपण. कुणाला विचारायला जाणं त्याच्या रक्तातच नव्हतं. महिन्याला एक पत्र जायचं, एक यायचं. त्या एका पत्रावर त्याचा महिना निघायचा.

गेले तीन महिने पत्र आलं नव्हतं.

शाळेतल्या बाई हजेरीपट न्यायला आल्या, तेव्हा त्यानं नातीला धाडलेल्या शेवटच्या पत्राचा कच्चा खर्डा हळूच पुढे सरकवला. "बघा हो बाई, काही वावगं लिहिलंय का?"

बाई दुसऱ्याच ओळीवर अडल्या. "काका, हे 'हार्डली' कशाला?"

"हार्ड म्हणजे जोरात. 'ली' म्हणजे आपलं 'पणे'. मी तुझी आठवण जोरकसपणे काढतो."

"अहो, हार्डली म्हणजे क्वचितच! तुझी आठवण मला जवळजवळ येतच नाही, असं लिहिलंत पोरीला."

म्हाताऱ्यानं खर्डा ओढून घेऊन त्या शब्दावर बोट ठेवलं. "एवढ्याशा शेपटीनं?"

"शेपटीनंच तर घात केला."

"मग काय लिहू?" हे विचारताना त्याची मान खाली होती.

"ऑलवेज लिहा. नेहमी."

"खोटं होईल. कटर चालवताना आठवण आली तर बोटं जातील."

"बरं, ऑफन. वारंवार."

"वारंवार तर गिऱ्हाईक येतं."

"सहावीची पोरं परवडली तुमच्यापेक्षा! खरं सांगा, केव्हा येते आठवण?"

त्यानं पुठ्ठ्यावरून हात फिरवला. "दुकान बंद केलं की. रोज. मग दुसरं काही सुचत नाही."

हे त्यानं आजवर कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं. बाईंचा आवाज उतरला. "एव्हरी इव्हनिंग लिहा, काका. रोज संध्याकाळी. पुढचंही लिहा."

त्यानं उभ्याउभ्याच लिहिलं. लखोटा चिकटवून पायात चपला सरकवल्या.

"आत्ता? भर दुपारी? नि माझे हजेरीपट?"

"उद्या न्या. पत्र पोचायला पंधरा दिवस लागतात, बाई. तोवर ती तेच खरं मानून बसायची."

दुकान तसंच उघडं टाकून तो पोस्टाच्या दिशेनं चालू लागला.