कोऱ्या नळीची रायफल

वडिलांची ठासणीची बंदूक गेल्या उन्हाळ्यात कामातून गेली. नळीला बोटभर चीर पडली. माझा हात थोडक्यात वाचला. पोलीस ठाण्यात नेऊन जमा केली, पावती घेतली. पुढं कचेरीत गेलो तर तिथला कारकून म्हणाला, "आजोबा, मुदतीच्या आत दुसरं हत्यार परवान्यावर चढवा. नाहीतर परवाना रद्द होईल. आणि एकदा गेला की या वयात नवा कोण देणार तुम्हाला?"

वय काढायचं त्याला काही कारण नव्हतं. मी चौथी शिकलेला माणूस. जमिनीचे उतारे सोडले तर सरकारी शिक्क्याचा माझ्या नावाचा एकच कागद घरात आहे, तो शेतराखणीच्या बंदुकीचा परवाना. वडिलांच्या मागं खेटे घालून घालून तो मी माझ्या नावावर करून घेतला. तो माझ्या हातून जाऊ द्यायचा नाही, एवढं त्या कचेरीच्या पायरीवरच ठरवलं.

शिवाय मका होती. केम गावाच्या पलीकडं ओढ्याच्या कडेला मी दरसाल तीन एकर मका करतो. ओढ्यात वेड्या बाभळी माजल्यात, त्यात रानडुकरं राहतात. कणसात दूध भरलं की चाळीस-एक दिवस राखण. माळ्यावर बसायचं, दिवस मावळताना एक बार काढायचा आणि उजाडायच्या आत एक. ठासणीत मी गोळी घालतच नव्हतो. नळीत दारू, वर चिंध्या, गजानं ठासायचं आणि आभाळाकडं तोंड करून उडवायचं. आवाज ओढ्यात घुमला की डुकरं त्या अंगाला फिरकत नाहीत. पण बार रोज पाहिजे. एक दिवस चुकला तर त्यांना कळतं.

तर मोडनिंबजवळच्या एका बागायतदारानं रायफल विकायला काढलीय असं कानावर आलं. शिकारीची, तीनशे पंधरा बोअरची. निवडणूक आली की ठाण्यात जमा करा, झाली की सोडवून आणा, याला तो कंटाळला होता. किंमत म्हणाल तर सोलापुरात दुकानात जुनी एकनळी बंदूक मिळते, त्याच्याहून कमी! मी कचेरीत रायफलीचा अर्ज दिला, आणि त्याच दिवशी चहाच्या हॉटेलात सगळ्यांपुढं बोलून बसलो, "आता रायफल आणतोय." ते बोललो नसतो तर पुढचं निम्मं काम हलकं झालं असतं.

बायकोनं एकच विचारलं. "काडतुसं कितीला?"

ते मी सोलापूरला जाऊन विचारून आलो होतो. रायफलीचं एक काडतूस म्हणजे एका बाईची दिवसभराच्या खुरपणीची मजुरी. एकनळीची तेवढ्यात चार येतात.

"मंजी रोज दोन बाया हवेत उडवायच्या?"

"हवेत कशाला? रायफल हाय ती. वनखात्याचा कागद काढायचा आन् बघून मारायची."

"बघून! चष्मा न्हाय लावला तर भाकरीवरची माशी दिसंना तुमाला."

"माशीला कोण रायफल मारतंय?"

मी कॅलेंडरच्या पाठीवर मांडून बघितलं. रोजची दोन काडतुसं धरली तर पहिल्या साली एकनळीपेक्षा रायफल स्वस्त पडते, दुसऱ्या साली बरोबरी होते, तिसऱ्या सालापासून ती मला खायला लागते. बायकोला म्हणालो, "तिसरं साल कुणी बघितलंय? माझ्या वयाला दोन सालांचा हिशेब पुरं." ती पुढ्यातलं ताट सारून उठून गेली. दोन दिवस बोलली नाही. मी पण बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी एसटीनं मोडनिंबला गेलो. बागायतदार माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असेल. चहा झाला, मग कपाटातून मखमली कापडात गुंडाळलेली रायफल काढली. लाकूड असं की हात लावायला भ्यावं. मागचा बोल्ट काढून नळी उजेडाकडं धरली.

"बघा पाव्हणं, आतनं बघा. वीस वर्सं झाली घिऊन, पर नळी कोरी हाय की न्हाय?"

खरंच कोरी होती. पाण्यासारखी चमकत होती.

"किती उडवल्या?" मी विचारलं.

"पाच. त्यातल्या दोन तर घेताना तपासायला."

"वीस वर्सांत पाच? तुमच्याकडं डुकरं येत न्हाईत व्हय?"

"येत न्हाईत कसली! गेल्या साली अर्धा एकर ऊस आडवा केला की."

"मग?"

तो हसला. "आवो, एकेक काडतूस केवढ्याचं! बोट ठिवलं की वाटतं, आजून जवळ यिऊ द्या, नेम धरू द्या नीट. तवर ती खाऊन जात्यात."

नळीचं मोल वाढवायला तो हे सांगत होता. मला हसू आलं नाही.

"एक उडवून बघा," तो म्हणाला. "काडतुसाचे पैसे तेवढे तुमचे."

मागच्या पडीक रानात पाणी अडवायची मातीची उंच ताल होती. मी रायफल खांद्याला लावली. पाच-पंचवीस पावलांवर ताल, म्हशीएवढी रुंद. ती कुठं पळून जाणार होती? तरी मी थांबलो. श्वास धरला, पाय नीट केला, पुन्हा नेम धरला. बोट खटक्यावर, आणि बोट दाबेना. मनात सारखं, नीट बघ, एक बाई जाईल. शेवटी मी रायफल खाली घेतली आणि काडतूस काढून त्याच्या हातावर ठेवलं.

"ऱ्हाऊ द्या."

त्याला वाटलं मी भाव पाडतोय. चार पावलं चाललो की हजार उतरवायचा. एसटी स्टँडवर यायला निघेस्तोवर किंमत अशी खाली आली की माझाच पाय अडखळला. पण फिरलो नाही.

दुसऱ्या आठवड्यात दोन शेरडं विकली आणि सोलापूरच्या दुकानातून एकनळी पसंत केली. दस्त्याला तार गुंडाळलेली, नळीत काळे डाग. दुकानदारालाच लाज वाटली. "चाचा, ये भोत चली हुई है. दुसरी दिखाऊँ क्या?" म्हटलं, हीच द्या.

गावात ती यायच्या आधी बातमी आली. हॉटेलात एकजण म्हणालाच, "काय आबा, रायफल मोडनिंबातच ऱ्हायली जणू?"

"पसंत पडली न्हाय."

"रायफल पसंत न्हाय आन् तारंनं बांधलेली पसंत? का पैसं कमी पडलं?"

पैसे कमी पडले म्हटलेलं मला सोसवत नाही. म्हणून इतकी वर्षं जे घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं ते बोलून गेलो. "मी कदी नेम धरलाच न्हाय. चाळीस वर्सं नुसता हवेत बार काढतोय. मला मका राखायचीय. जिची काडतुसं परवडत न्हाईत ती बंदूक आवाज करत न्हाय."

मग कोपऱ्यातला माझ्याच वयाचा एक म्हातारा कप खाली ठेवून म्हणाला, "आयला! आन् तुझ्या नेमाला भिऊन मी चाळीस वर्सं पहाटंचं ओढ्याला बसायला गेलो न्हाय!"

हॉटेलवाला पण हसला. मी हसलो नाही, चहाचे पैसे देऊन उठलो. सगळ्यांचे दिले.

कचेरीत कारकुनानं रायफलीचा अर्ज बाजूला काढला. म्हणाला, "लोक एकनळीवरून रायफलीवर जातात, तुम्ही उलटे." म्हटलं, जाऊ द्या त्यांना. मुदतीला नऊ दिवस राहिले असताना परवान्यावर नवा नंबर चढला. शिक्का ओला होता, म्हणून वाळेपर्यंत कागद उघडाच धरून उभा राहिलो.

या साली ओढ्याकडच्या सहा-सात ओळी गेल्या. तेवढ्या दरसाल जातात. बाकीची मका मळून झाली.