चाचांचा एकवीस नंबर

उरणच्या वाटेवर एका चाचांचं गोदाम आहे. तिथले संगणक आणि इंटरनेट मी सांभाळते. नावड्याहून स्कूटीवर जाते. वाटेतल्या कंटेनरच्या ट्रेलरांना शिव्या घालणं हा माझा ठरलेला व्यायाम.

पहिल्याच दिवशी मी चाचांना समजावलं होतं की प्रत्येक संगणकाला आकड्यांचा एक पत्ता लागतो, त्यावरूनच माहिती बरोबर त्याच्याकडे पोचते. चाचा खूश. "मंग माज्या पत्त्यात शेवटी सातशे शहाऐंशी टाक." त्यांच्या ट्रकच्या कपाळावरही तोच आकडा रंगवलेला. म्हटलं, चाचा, पत्त्यातला कुठलाच आकडा दोनशे पंचावन्नच्या पुढे जात नाही. त्यांचा चेहरा उतरला. मग बोटांवर बेरीज केली: सात, आठ आणि सहा. "एकवीस तरी बसतो काय?" बसला. मला हसायला तोंड नव्हतं. चौदा एप्रिलचा चौदा स्कूटीच्या नंबरात मिळावा म्हणून मीही अडून बसले होते.

एका सकाळी त्यांचा फोन आला. "बेटा, धावत ये. पोरीचा इंटरव्यू हाय आन नेट येतंय-जातंय." घरी रेंज नाही म्हणून त्यांची लेक लॅपटॉप घेऊन गोदामात बसली होती. बंगळूरची नोकरी. आधीच्या दोन हुकल्या होत्या आणि पोरीचा धीर सुटत चालला होता.

मी पोचले तेव्हा पडद्यावर इंटरव्यू घेणाऱ्या बाईंचं चित्र गोठलेलं आणि पोरगी रडकुंडीला आलेली. लॅपटॉपचा पत्ता पाहिला आणि कपाळावर हात मारला. शेवटी एकवीस. चाचांनी बरकत म्हणून आपल्या संगणकाचे आकडे बघून स्वतःच तिकडे टाकले होते. दोघं एकाच पत्त्यावर, मग माहिती कधी याच्याकडे, कधी तिच्याकडे.

"आमी चार भाऊ एकाच पत्त्यावर ऱ्हातो," चाचा चिडले. "कवा भांडलो काय?"

"बाहेरून घर एकच, चाचा. पण आत प्रत्येकाची खोली वेगळी ना? इथंही तसंच आहे. बाहेरच्यांना अख्ख्या ऑफिसचा एकच पत्ता दिसतो, आत मात्र ज्याचा त्याचा वेगळा."

मी लॅपटॉपचा नंबर बदलायला हात घातला, तसा त्यांनी अडवला. "तिचा नको." आणि जाऊन स्वतःच्या संगणकाची वायर उपटली. चित्र हललं. बाई म्हणाल्या, हां, आता ऐकू येतंय. आम्ही दोघं बाहेर पोत्यांवर बसलो. चाचा तस्बीचे मणी ओढत होते आणि मी नखं खात होते.

नोकरी लागली. पेढ्यांचा अख्खा बॉक्स माझ्या एकटीच्या वाट्याला आला, आणि मी तो कोणालाही दिला नाही.

चाचा तेव्हापासून बावीस नंबरवर आहेत. ती बंगळूरला गेल्यावर मी विचारलं, एकवीस मोकळाच पडलाय, परत घेता का?

"नको. पोर ईदला येल तवा बसंल कुटं?"

ती कुठल्याही नंबरवर बसू शकते, हे मी त्यांना सांगितलं नाही. तो पत्ता तिच्या लॅपटॉपसाठी राखून ठेवला. आता ईद जवळ आली की मी उगाचच मोबाइलवर गोदामाचं नेटवर्क उघडून बघते. परवा सकाळी पाहिलं तर एकवीसपुढचा दिवा हिरवा झाला होता. मी चाचांना फोन लावला आणि विचारलं, आली का हो आपली पोरगी?