नांगराची पट्टी

आयर्लंडमध्ये मलिंगार गावाच्या पुढे शेतातल्या एका शेडमध्ये उभी असलेली ती लाल गाडी बघायला निघालो, तेव्हा माझ्या बॅगेत टॉर्च होता, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा होता, रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक होतं आणि सहा पानांची छापील यादी होती. शेजारच्या सीटवर माझे वडील, अण्णा, बसले होते. त्यांच्याकडे फक्त कानटोपी होती.

मी सँट्रीतल्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासतो. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळतो, आणि पगार नसता तरी मी त्या काढल्याच असत्या. हॉटेलात गेलो तर मेन्यूकार्डातल्या चुकांवर पेनानं खुणा करतो म्हणून बायको माझ्याबरोबर बाहेर जेवायला यायला कुरकुरते. जन्म सांगलीचा, पण पुण्यात पंधरा वर्षं काढल्यावर तोंडावर खरं सांगणं हा मोठाच गुण आहे, असं मला मनापासून वाटायला लागलं होतं. इकडच्या लोकांचं सगळंच 'ग्रँड' असतं. पाऊस कोसळत असला तरी ग्रँड, पाय मोडला तरी ग्रँड. मला त्याचा राग यायचा.

गाडीचं वेड अण्णांमुळे लागलं. ते बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये हेडफिटर होते. तिथल्या जुन्या कॅलेंडरचं एक पान त्यांनी घरी आणून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. त्यावर लांबलचक नाकाची, दांडगी, लाल अमेरिकन गाडी होती. शर्ट काढायला कपाट उघडलं की मी आधी गाडी बघायचो. आता पंचेचाळिशीत, अण्णा तीन महिन्यांसाठी स्वोर्ड्सला आमच्याकडे आलेले असताना, त्याच जातीची गाडी विकायला आहे अशी जाहिरात दिसली. खाली लिहिलं होतं, 'सगळे नंबर जुळणारी.'

या गाड्यांच्या बाबतीत हे तीन शब्द म्हणजे सर्वस्व. त्याच कंपनीची, दिसायला तशीच पण लहान इंजिनाची साधी गाडी घ्यायची, तिला मोठं इंजिन बसवायचं, बिल्ला लावायचा आणि अस्सल म्हणून खपवायची, हा जुना उद्योग आहे. म्हणून काचेखालचा नंबर, बॉनेटखालच्या पत्र्यावरची अक्षरं आणि इंजिनावर ठोकलेले आकडे एकमेकांशी ताडून बघावे लागतात. मला हे काम आवडतं. आयर्लंडला येताना माझी पदवी, माझा अनुभव, माझं लग्नसुद्धा खरं आहे ना, हे कुणी कुणी शिक्के मारून तपासलं होतं. आता तपासायची पाळी माझी होती.

गाडी विकणाऱ्या बाई सत्तरी ओलांडलेल्या होत्या. नवरा वर्षापूर्वी गेला होता आणि आता त्या घर बंद करून मुलीकडे राहायला जाणार होत्या. चहा घेतल्याशिवाय त्यांनी आम्हाला शेडकडे फिरकू दिलं नाही. घरी भाजलेला काळपट पाव, त्यावर बोटभर लोणी. अण्णांनी तीन तुकडे खाल्ले.

बाई म्हणाल्या, "तरुणपणी तो शिकागोला बांधकामावर होता. तिथे ही कोरी घेतली आणि येताना बोटीनं आणली. कारखान्यातून निघाली तशीच आहे. एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही, असं तो जुन्या गाड्यांच्या जत्रेत सगळ्यांना सांगायचा."

मग त्या हसून म्हणाल्या, "आमच्या लग्नानंतरचा पहिला हिवाळा मात्र माझा वाईट गेला या गाडीपायी. दुपारची कामं उरकली की तो शेडमध्ये जायचा आणि आतून कडी लावायचा. रोज. मी या घरात नवी. मला वाटायचं, हा लग्न करून पस्तावला. मी कधी विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही."

"काय म्हंती?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही, नवऱ्याबद्दल," मी म्हणालो. माझं लक्ष यादीकडे होतं.

शेडमध्ये गेल्यावर पहिला अर्धा तास माझ्या आयुष्यातल्या उत्तम अर्ध्या तासांपैकी होता. काचेखालचा नंबर अस्सल. पत्र्यावरची अक्षरं बरोबर. मागची सीट उचलली, तर स्प्रिंगांमध्ये कारखान्याचा मूळ कागद अडकलेला, उंदरांनी कडा खाल्लेला, पण वाचता येण्यासारखा. तोही जुळला. बॉडी मोठ्या इंजिनाच्याच गाडीची होती. मी प्रत्येक आकड्याचा फोटो काढत होतो.

मग इंजिनाकडे वळलो. जिथे गाडीच्या नंबराचे शेवटचे आकडे ठोकलेले असायला हवेत, ती जागा कानशीनं घासून गुळगुळीत केली होती. आरसा खाली धरून इंजिनाच्या ओतकामाची तारीख वाचली. पुन्हा वाचली. इंजिन गाडीपेक्षा जवळपास दोन वर्षांनी लहान होतं.

माझं डोकं फिरलं. एवढं स्वप्न, एवढी तयारी, आणि हा मेलेला माणूस मला फसवून गेला होता. त्याचं ते जत्रेत मिरवणं आठवून तर आणखीच चिडलो. मी त्याला कधी बघितलंही नव्हतं.

अण्णा दरम्यान पुठ्ठा अंथरून गाडीखाली शिरले होते. तिथून त्यांचा आवाज आला. "इंजिन हिचं न्हाई बघ. पण लेका, बसवणाऱ्यानं जीव लावून बसवलंय. हिकडं ये. ही इंजिन धरायची पट्टी बघितलीस का? ही नांगराची पट्टी हाय. तापवून, ठोकून, वाकवलीय. हितंच केलंय समदं, या शेडात. आन् हरेक बोल्टाला पांढऱ्या रंगाचा ठिपका हाय. आवळून झालं की आमी लावायचो तसाच. एक बोल्ट सोडला न्हाई गड्यानं."

ते बाहेर आले तेव्हा पाठीला माती होती आणि चेहरा उजळला होता. खाली वाकून बघायला ते मला दोनदा म्हणाले. मी वाकलो नाही. मला जे हवं होतं ते मला मिळालं होतं, आकड्यांत.

मी बाईंकडे वळलो आणि सरळ सांगितलं. इंजिन मूळचं नाही, नंबर मुद्दाम घासून काढला आहे, आणि तुम्हाला ज्यानं कुणी 'एक स्क्रूही बदललेला नाही' असं सांगितलं, तो खोटं बोलत होता. त्यांना हे ज्यानं सांगितलं तो कोण, हे मला पक्कं माहीत होतं. आवाज चढवला नाही, एवढाच काय तो माझा सभ्यपणा.

बाईंचा हात गाडीच्या छपरावर होता. तो त्यांनी काढून घेतला.

"पण मला त्यानं स्वतः सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. मग अण्णांकडे बघून, "तुमचे वडील बरंच काही बोलले. ते काय म्हणाले?"

"तेच," मी म्हणालो. "इंजिन गाडीचं नाही."

"राइट सो," त्या म्हणाल्या, म्हणजे 'बरं मग', आणि आम्हाला दारापर्यंत सोडायला आल्या.

परतताना अण्णा बाहेर बघत होते. मग म्हणाले, "त्या पट्टीचं सांगितलंस न्हवं बाईला?"

"सांगितलं," मी म्हणालो.

"बरं केलंस. बरं वाटलं असंल तिला."

इतक्या सहज मी खोटं बोललो की मलाच आश्चर्य वाटलं. पुन्हा तोंड उघडून ते दुरुस्त करता आलं असतं. स्वोर्ड्सपर्यंत तासभराचा रस्ता होता. मी रेडिओ लावला.

अण्णा सांगलीला परत गेले. फोनवर ते तब्येतीचं बोलून झालं की विचारायचे, "त्या नांगरवाल्या बाईचं काय झालं रं? गाडी इकली का?" डेपोतल्या जुन्या सोबत्यांना त्यांनी ती पट्टी किती वेळा वर्णन करून सांगितली असेल देव जाणे. प्रत्येक वेळी मी काहीतरी थातुरमातुर उत्तर द्यायचो आणि नंतर दिवसभर सगळ्यांवर खेकसायचो. ऑफिसात तर एका नव्या मुलीला इतकी फालतू चूक दाखवून बोललो की घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. माझ्या डोक्यात दोन गोष्टी एकदमच जुळल्या होत्या, आणि त्या सगळ्या आकड्यांपेक्षा नीट जुळल्या होत्या. कडी लावलेला तो हिवाळा आणि ती पट्टी. बाईंना आयुष्यभर ज्याचं उत्तर मिळालं नाही ते उत्तर अण्णांनी गाडीखालून ओरडून दिलं होतं, आणि मी ते मधल्या मध्ये गिळलं होतं.

सहा आठवड्यांनी एका शनिवारी दुपारी मी एकटाच गेलो. घरात खोकी बांधून ठेवलेली होती. बाईंनी मला ओळखलं आणि तरीही किटली ठेवली, याची मला लाज वाटली.

"गाडी गेली," त्या म्हणाल्या. "दक्षिणेकडचा कुणीतरी ट्रेलरवर घालून घेऊन गेला. त्याचा पत्ता मी ठेवला नाही. त्याला मी आधीच सांगितलं, इंजिन मूळचं नाही आणि माझा नवरा खोटं बोलत असे."

शेवटचं वाक्य त्यांनी हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हटलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. अण्णा खरं काय म्हणाले होते, नांगराची पट्टी, पांढरे ठिपके, याच शेडमध्ये झालेलं काम. मी ते का सांगितलं नाही, याचं कारण मात्र मला धड देता आलं नाही.

त्या खुर्चीवर बसल्या. "नांगर?" त्या म्हणाल्या. "त्याच्या वडिलांचा मोडका नांगर होता इथे. कुठे गेला ते आम्हाला कळलं नव्हतं." मग माझ्या फोनकडे बोट दाखवलं. "तुम्ही फोटो काढत होतात ना? मला ती पट्टी दाखवा."

मी फोन काढला. त्यांनी चष्मा लावला. काचेखालचा नंबर, पत्रा, उंदरांनी खाल्लेला कागद, घासलेली जागा, ओतकामाची तारीख, तीच तारीख जवळून. चाळीसच्या वर फोटो होते. त्या न कंटाळता एकेक बघत होत्या. त्यात पट्टी नव्हती.

तेव्हा मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. सांगलीत संध्याकाळ झाली होती, ते अंगणात बसले होते. पलीकडे बाई दिसताच त्यांनी हात जोडले.

"अण्णा, ती पट्टी कशी होती ते सांगा यांना. मी त्या दिवशी सांगितलं नव्हतं."

"तवा म्हणालास की, सांगितलं म्हणून."

"खोटं बोललो."

अण्णा माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी फोन कशाला तरी टेकवून ठेवला आणि दोन्ही हातांनी दाखवायला लागले. पट्टी एवढी रुंद, इथे तापवली, इथे वाकवली, इथे भोक पाडलं. मी एकेक वाक्य बाईंना इंग्रजीत सांगत गेलो. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, अण्णांच्या हातांकडे बघत होत्या.

"त्यांना विचारा," बाई म्हणाल्या, "एकट्या माणसाला याला किती दिवस लागले असतील?"

मी विचारलं.

"एकट्यानं? कुणाला कळू न देता?" अण्णांनी मान हलवली. "पुरा हिवाळा लागंल."

मी ते सांगितलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. खिडकीतून रिकामं शेड दिसत होतं, त्याचं दार उघडंच होतं.

"ईजिट," त्या शेडकडे बघत म्हणाल्या. वेड्या माणसाला इकडे असं म्हणतात, बहुतेकदा आपल्याच. "इंजिन मोडलं म्हणून लपून बसला होता. आणि मी इथे बसून रडत होते."

"काय म्हंती?" अण्णांनी विचारलं.

मी शब्द न् शब्द सांगितला. नवी नवरी, कडी, पस्तावा, रडणं, सगळं.

अण्णांनी फोन उचलून चेहऱ्याजवळ धरला. मग म्हणाले, "खरं सांगतोयस न्हवं?"