हजेरी भरली तरच खेळ

पूल संपला तेव्हा बाई कठड्याला टेकल्या. म्हणाल्या, पाय दुखतायत म्हणजे अजून जागेवर आहेत म्हणायचे. अर्धी वाट बाकी होती.

आमची शाळा सकाळी दोनच तास भरते, कामावर जायच्या आधी. विद्यार्थिनी सगळ्या कमावत्या. बाई एकवीस वर्षं तिथे गणित शिकवतात, मी भाषा. बायका बाकावर पेंगायच्या, महिन्या-दोन महिन्यांत गळायच्या. म्हणून गेल्या वर्षी बाईंनी युक्ती काढली: आठवडाभर हजेरी भरली, तर शनिवारी शेवटचा तास मैदानावर व्हॉलीबॉल. वर्ग भरायला लागला. मुख्याध्यापकांनीही पाठ थोपटली.

मग लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या एकीची कामाची पाळी बदलली आणि दोन दिवस बुडाले. नियम तो नियम, म्हणून बाईंनी तिला शनिवारी मैदानाच्या कडेला बसवलं. सोमवारपासून ती आलीच नाही. परीक्षा तीन आठवड्यांवर, आणि गणितात नक्की पास होईल अशी वर्गात ती एकटीच. तिला परत आणायला आम्ही निघालो होतो.

लाँड्रीत वाफेने जीव गुदमरत होता. तिने आम्हाला स्टूल दिलं, स्वतः उभीच राहिली. हात थांबला नाही. अभ्यास बुडतोय तुझा, असं बाईंनी सुरू केलं.

"अभ्यास घरीपण होतो, बाई," ती कॉलर उलटत म्हणाली. "मी दिवसभर या एवढ्या फरशीवर उभी असते. आठवड्यातून तासभर पळायला मिळायचं, म्हणून उठून येत होते."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. परीक्षेला तरी ये, असं बाई दोनदा म्हणाल्या. ती 'बघते' म्हणाली. मालक खाकरला, तसे आम्ही उठलो.

आम्ही परत निघालो. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत चालले होते. दुसरं काही सुचत नव्हतं.

"मला वाटायचं, खेळ म्हणजे खाऊ," बाई म्हणाल्या. "अभ्यास केला की हातावर ठेवायचा. त्यांची ती भूक होती गं."

पूल आला तेव्हा बाई पुन्हा कठड्याला टेकल्या.

"उद्या नियम मागे घेते. शनिवारी सगळ्यांनी खेळायचं, तिलाही निरोप धाडते. पण एकवीस वर्षांत वर्गापुढे 'चुकले' म्हटलं नाही मी कधी. तू माझ्याशेजारी येऊन उभी राहशील? बोलू नकोस काही. नुसती उभी राहा."