आलिकांतेच्या आगीत टाकव्याचा नारळ

मंडळी, लेकीकडे स्पेनमध्ये आलोय. समुद्रकाठच्या या आलिकांते शहरात आज वर्षाचा सण होता. वाळूवर जागोजागी आगी पेटवून लोक नाचत होते. मला मावळातली, आमच्या टाकव्याची होळी आठवली. हात जोडले आणि एका आगीत नारळ टाकला.

आपल्याकडे नारळ पडला की सगळे मागं सरतात. इथं कुणाला ठाऊक? तो फाडकन फुटला. करवंटीचा तुकडा एकाच्या भुवईत घुसला, रक्ताची धार लागली. त्याच्या मित्रानं मला वाळूत पाडून नाक फोडलं.

लेक मधे पडली. "अवो बाबा, इचारायचं तरी." मग तिनं त्यांना त्यांच्या भाषेत समजावलं.

भुवई फुटलेल्याचा डोळा थोडक्यात वाचला होता. रक्त पुसत तो काहीतरी बोलला. लेक म्हणाली, "इचारतोय, नारळ देवाला पोचला का?"

मी माझा रुमाल त्याच्या रक्ताळलेल्या भुवईवर दाबून धरला. तुम्ही काय सांगितलं असतं?